घडीचा चाकू: ओपिनेल ८ नंबर कार्बन घेऊ की स्टेनलेस? (बजेट दोन हजार)

ठिबकवाला_यावल
राम राम मंडळी. खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायचा आहे. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीच्या दोन नावांवर येऊन अडलोय: ओपिनेल ८ नंबर कार्बन आणि ओपिनेल ८ नंबर स्टेनलेस. मूठ तीच बीच लाकडाची, पातं तेच साडेआठ सेंटिमीटरचं, पातं अडवणारी फिरती कडीही तीच. फरक फक्त पोलादाचा.
काम सांगतो. दिवसभर ठिबकची फिटिंग. खताच्या गोणीची शिवण, सुतळी, कटर गाडीत राहिला असला तर १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी), दुपारी डब्याबरोबर कांदा-काकडी, केळीच्या बागेत असलो तर एखादी फणी. बजेट दोन हजार, वर एक रुपया नाही. दुसरा ब्रँड सुचवू नका, हात जोडतो. या दोघांतला कोणता, एवढंच सांगा.

एमएच१९_भटक्या
दोघांतलाच म्हणताय, तरी सांगतो. व्हिक्टोरिनॉक्सचा क्लाइंबर घ्या. दोन पाती, कात्री, डबा उघडायचं, टोचा, चिमटा, दात कोरायची काडी, सगळं ९१ मिलिमीटरमध्ये. मनुदेवीपासून पालपर्यंत सगळा सातपुडा फिरवलाय त्याला. ओपिनेलमध्ये नुसतं एक पातं. एवढ्या पैशांत नुसतं पातं?

ठिबकवाला_यावल
भाऊ, कात्रीचं मी काय करू? आणि बजेट वाचलं का?

एमएच१९_भटक्या
वाचलं. एकदाच घ्यायची वस्तू आहे भो. दोन महिने कटिंग चहा कमी प्या.

गार्डसाहेब_भुसावळ
एकतीस वर्षं गार्डच्या डब्यात काढली (२०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या वेळी साधे गार्डच होतो). खिशात कायम घडीचा चाकू. हाच ओपिनेल जावयांनी फ्रान्सहून आणून दिला, स्टेनलेस. बारा वर्षं झाली, गंजाचा ठिपका नाही. डोळे मिटून स्टेनलेस घ्या. कार्बन म्हणजे रोज लेकराचं नाक पुसल्यासारखं पुसत बसायचं. जावई तिकडे मोठ्या हुद्द्यावर आहेत.

केळीवाली_सावदा
काका, तुम्ही त्यानं काय कापता?

गार्डसाहेब_भुसावळ
संत्री.

केळीवाली_सावदा
मग ठिपका येणार तरी कशाचा!
आता माझं ऐका दादा. मी दोन वर्षांपूर्वी ८ नंबर कार्बन घेतला. पहिल्याच आठवड्यात फण्या सोडवायला वापरला. केळीचा चीक दिसायला पाण्यासारखा, पण पात्यावर वाळला की तपकिरी डाग आणि खाली पोलाद निळं-काळं. एवढ्यानं काही बिघडत नाही, तो काळा थर उलट गंजाला थोडा अडवतोच. बिघडलं पुढे. पावसाळ्याचे दिवस, मी चाकू न पुसता तसाच मिटून ठेवला, चीक मुठीच्या खाचेत. चार दिवसांनी उघडायला गेले तर नखानं पातं हलेना, लाकूड फुगलेलं. पक्कडीनं ओढून काढलं तेव्हा धारेवर लाल गंज आणि मधोमध बारीक खड्डे. दगडावर अर्धा तास घासून खड्डे गेले, पण तिथं धार किंचित पोटात गेली ती गेलीच. अजून टोमॅटो कापताना सालीचा एक दोरा तुटायचा राहतो.
चूक माझीच. पण तुमच्या खिशात घाम आहे, चीक आहे आणि मुख्य म्हणजे खत आहे. युरियाची किंवा पोटॅशची गोणी फोडून चाकू तसाच मिटलात तर कार्बनचं दुसऱ्या दिवशी काही खरं नाही. स्टेनलेस घ्या.

तापीकाठ_शिरपूर
दखा भाऊ, कसाले इतला पैसा घालतस? मन्हाकडे गावना लोहारना चाकू शे, गाडीनी कमानपट्टीना. वीस वरीस व्हयनात. आखो काय जोयजे?

ठिबकवाला_यावल
दादा, तो घडीचा शे का?

तापीकाठ_शिरपूर
नही. कापडमा गुंडाळीसन ठेवस.

आसोद्याचं_भरीत
कार्बनच घ्या. भरिताच्या वांग्याला भाजायच्या आधी टोचे मारायला असा टोकदार चाकू दुसरा नाही. टोचे मारले नाहीत तर वांगं काड्यांवर फुटतं आणि अर्धा गर राखेत. आणि वांगं आपलंच पाहिजे, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच बाजारातलं बियांचं काळं वांगं आणू नका. हिरवंच, लांबोडं, बी कमी असलेलं.

एमएच१९_भटक्या
टोचा क्लाइंबरमध्ये वेगळा येतो.

बागवान_रावेर
स्टेनलेस. आणि एक सांगून ठेवतो, केळीत एका झाडाला लावलेला चाकू दुसऱ्याला लावू नका, हरण्या रोग पसरतो.

केळीवाली_सावदा
हरण्या माव्यामुळे पसरतो हो. चाकू पुसायची सवय चांगलीच, बाकीच्या रोगांना उपयोग होतो, पण हरण्यासाठी बांधावरचं तण काढा आणि बागेत काकडी, भोपळा वगैरे वेलवर्गीय पिकं घेऊ नका. त्या विषाणूचं नावच काकडीवरून पडलंय.

बागवान_रावेर
आमच्या बागेत दोन वर्षं हरण्या आला तेव्हा आम्ही चाकूच बदलला होता.

केळीवाली_सावदा
आणि?

बागवान_रावेर
तिसऱ्या वर्षी पण आला.

ठिबकवाला_यावल
म्हणजे डब्यातली काकडी पण बंद करू का? 🙏 मंडळी, चाकू.

वकील_धुळे
खिशात चाकू बाळगण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तिथून प्रश्न सुरू होतो, त्यातही घरगुती आणि शेतीच्या वापराची अवजारं वगळलेली. तुमचं पातं साडेतीन इंचही भरत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ विसरू नका. सणावारात, निवडणुकीत जे मनाई आदेश निघतात त्यात तलवारी, भाल्यांबरोबर सुऱ्या आणि काठ्यासुद्धा येतात. गणपतीच्या मिरवणुकीत जाताना चाकू घरी. माझ्याकडे एक पक्षकार आले होते, खिशात साधा सुपारीचा चाकू, आदेश लागू होता, रात्र ठाण्यात गेली.

नंदुरबारी_पाहुणा
ठाणं परवडलं. माझा स्टेनलेसवाला पँटच्या चोरखिशात राहिला आणि विमानतळावर तपासणीत सापडला. मोठी बॅग आधीच आत गेलेली, म्हणून हातातला चाकू टोपलीत टाकून यावं लागलं. त्या टोपलीत किती नेलकटर होते काय सांगू. त्या दिवसापासून मी काहीच बाळगत नाही, दातानं तोडतो. तुम्ही स्टेनलेसच घ्या.

धारवाला
इथं वर लिहिलेलं नाही, पण लोक हमखास सांगतात की कार्बनची धार जास्त टिकते. एकमेकांचं ऐकून सांगतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. टिकण्यात मला फरक जाणवला नाही, फरक धार लावण्यात आहे. कार्बन साध्या कुरुंदाच्या दगडावर पाच-सात मिनिटांत येतो. धारेच्या काठावर उलटी वळलेली जी बारीक कोर उठते, ती कार्बनवर जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर चार हात फिरवले की सुटते. स्टेनलेसची चिवट, या बाजूनं काढली की त्या बाजूला वळते. स्टेनलेस आहे स्वीडिश १२सी२७, चांगलं पोलाद आहे, पण हात बसायला वेळ लागतो.
आणि धार मरते ती पोलादानं नाही. गोणीच्या प्लॅस्टिकवर आणि लॅटरलवर जी बारीक माती बसलेली असते ना, ती मारते. कापायच्या आधी नळीवरून फडकं फिरवा. लॅटरल तिरपी कापली तर जॉइनर गळतो हे तुम्हाला सांगायला नको.
तेल खोबरेल लावू नका. थंडीत सांध्यात गोठून बसतं आणि पुढे खवट वास येतो. शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.

गार्डसाहेब_भुसावळ
मी बारा वर्षांत एकदाही तेल दिलं नाही.

पिंप्राळेकर
पोलादाच्या आधी कडीचं बघा. ही फिरवायची कडी ओपिनेलला १९५५ साली आली, त्याआधी पातं मोकळंच होतं. पण कडी आपोआप बसत नाही, आपण फिरवायची असते. मी कडी न फिरवता टोकानं दाबून नळीला भोक पाडत होतो, पातं मिटलं, उजव्या तर्जनीला तीन टाके. नळीला भोक पाडायला पंच असतो हे डॉक्टरांनी सांगितलं, तेही शेतकरीच निघाले.
दुसरं म्हणजे मूठ. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड इतकं सुकतं की पातं सैल होऊन लटकतं. तेव्हा बंद केल्यावरही कडी फिरवा, नव्या चाकूंत बंद स्थितीतही कडी बसते. पावसाळ्यात उलटं, पातं घट्ट. पक्कड लावायची नाही (ताई, माफ करा). मुठीचं मागचं टोक पलंगाच्या कठड्यावर हलकेच आपटा, पातं बोटभर बाहेर येतं. फ्रान्सकडचे शेतकरी असंच करतात. मुठीला जवसाचं तेल पाजलं तर फुगणं कमी होतं.
तिसरं म्हणजे ८ नंबरची मूठ ११ सेंटिमीटर. झाडूच्या दांड्याचा तेवढा तुकडा कापा आणि आठ दिवस खिशात ठेवून मोटरसायकल चालवा. मग ठरवा.

एमएच१९_भटक्या
९१ मिलिमीटर.

बागवान_रावेर
+१ स्टेनलेस. आधी कोणी सांगितलंय का माहीत नाही, पण चीक लागल्यावर पुसून ठेवा.

केळीवाली_सावदा
मीच सांगितलंय.

ठिबकवाला_यावल
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. झाडूच्या दांड्याचा तुकडा खिशात घालून फिरलो. घरात दोन दिवस झाडू आखूड झाल्याचं कोडं चाललं होतं. गाडीवर बसलं की ११ सेंटिमीटर जांघेत टोचतं, आणि चारीत उकिडवं बसून ग्रोमेट बसवताना तर फारच. तिसऱ्या दिवशी आरीनं एक सेंटिमीटर उडवला. मग विसरलोच की खिशात काही आहे. १० सेंटिमीटर म्हणजे ७ नंबरची मूठ, पातं ८ सेंटिमीटरचं. बजेटमध्ये बसला.
आणि कार्बन घेतला. ताई, रागावू नका. मी रोज संध्याकाळी फिल्टरची जाळी धुतो, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी सगळे ड्रीपर बंद, म्हणून चुकत नाही. त्याच बादलीत चाकू धुतो, त्याच फडक्यानं पुसतो. दगड घरात कुरुंदाचाच आहे, दुसरा घ्यायचा नाही. खताच्या गोण्यांना जुनं ब्लेड गाडीत ठेवलंय. पातं आता अर्ध्यावर निळं आहे, फणीच्या दांड्याची सरळ रेघ उमटली आहे.

गार्डसाहेब_भुसावळ
गंजेल.

एमएच१९_भटक्या
याला कात्री आहे का?

केळीवाली_सावदा
रागावत नाही. जवसाचं तेल पाजलं का मुठीला?

ठिबकवाला_यावल
पाजलं. चार दिवस झाले, वाळायचं नाव नाही. खिशाला बाहेरून डाग पडलाय.

पिंप्राळेकर
जास्तीचं पुसून घ्या आणि पत्र्यावर ठेवा. यावलला उन्हाचा काय तोटा.