गुडघेबदलानंतरचा बोन स्कॅन ‘पॉझिटिव्ह’: याचा अर्थ जंतुसंसर्ग असाच घ्यावा का?

कृष्णाकाठ (प्रश्न):

माझ्या आईच्या (वय ६८, मधुमेह आहे) उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया सव्वा वर्षापूर्वी झाली. सुरुवातीला ती व्यवस्थित चालत होती. पण दिवाळीनंतर गुडघा पुन्हा दुखू लागला आणि आता रात्री पडल्यापडल्याही ठणकतो. ताप नाही, जखमेतून स्रावही नाही. ईएसआर आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) थोडे वाढलेले आहेत. एक्स-रेमध्ये विशेष काही आढळले नाही म्हणून तीन टप्प्यांचा बोन स्कॅन झाला. तिन्ही टप्प्यांत कृत्रिम सांध्याभोवती स्कॅनसाठी दिलेले किरणोत्सारी द्रव्य अधिक जमल्याचे अहवालात म्हटले असून ‘जंतुसंसर्ग किंवा सांधा सैल होणे यांचा विचार व्हावा’ असा शेरा आहे. शल्यविशारदांनी आता सांध्यातील पाणी काढून तपासण्याचा आणि गरज पडल्यास पांढऱ्या पेशींचा स्कॅन करण्याचा सल्ला दिला आहे. स्कॅन पॉझिटिव्ह आल्यावर आणखी तपासण्यांत वेळ का घालवायचा, असे नातेवाईक विचारतात, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

गॅमा_कॅमेरा:

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात काम करतो. रुग्णाला न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे फक्त तपासणीविषयी लिहितो.

बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी समस्थानिक जोडलेले फॉस्फोनेट (हाडाकडे ओढले जाणारे द्रव्य) शिरेतून देतात. पहिल्या टप्प्यात रक्ताचा ओघ, दुसऱ्यात काही मिनिटांनी ऊतींत साठलेले रक्त, आणि दोन ते चार तासांनी हाडातील जमाव टिपला जातो. हे द्रव्य जिथे हाड नव्याने घडत असते तिथे जमते. ते का घडते आहे, हे कॅमेऱ्याला कळत नाही. जंतू, सैल झालेला सांधा, बारीक अस्थिभंग, इतकेच काय शस्त्रक्रियेनंतरची नेहमीची भरपाई, या सगळ्यांत हाड तितकेच कामाला लागलेले असते. गुडघ्याच्या बाबतीत तर काही त्रास नसलेल्या रुग्णांतही शस्त्रक्रियेनंतर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ असा जमाव दिसतो. म्हणून सव्वा वर्षाच्या गुडघ्यात पॉझिटिव्ह आलेल्या स्कॅनवर मी फार भरवसा ठेवणार नाही. याउलट तो पूर्णपणे निगेटिव्ह आला असता तर त्याचे वजन मोठे होते: कृत्रिम सांध्यांच्या संसर्गाविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय व्याख्येत निगेटिव्ह तीन-टप्पी स्कॅन हा ‘संसर्गाची शक्यता कमी’ असल्याचा निकष धरला आहे.

पांढऱ्या पेशींचा स्कॅन वेगळ्या तत्त्वावर चालतो. रुग्णाचे ४० ते ५० मिलिलिटर रक्त घेऊन त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या जातात, त्यांना टेक्नेशियम किंवा इंडियम-१११ जोडले जाते आणि त्या रुग्णाला परत दिल्या जातात. जिथे जंतूंशी झुंज चालू आहे तिथे त्या पोहोचत राहतात. म्हणूनच तीन-चार तासांनी आणि पुन्हा २० ते २४ तासांनी प्रतिमा घेतात. जमाव वाढत गेला तर संसर्ग, स्थिर राहिला किंवा कमी झाला तर बहुधा नाही. टेक्नेशियमचा अर्धायुकाल ६ तासांचा असल्याने २० तासांनी मूळच्या जेमतेम एक दशांश किरणोत्सार उरतो. ही घट हिशेबात धरूनच दोन प्रतिमांची तुलना करावी लागते, नाहीतर संसर्ग असूनही तो ओसरल्यासारखा वाटू शकतो.

एक अडचण उरते. पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतही मुक्काम करतात, आणि सांधा बसवताना मज्जा इकडेतिकडे सरकलेली असते. शंका राहिल्यास कोलॉइडचा (मज्जेत जमणाऱ्या किरणोत्सारी सूक्ष्म कणांचा) मज्जास्कॅन जोडीला करतात. पेशी आहेत पण कोलॉइड नाही, अशी जागा सापडली तर संसर्ग मानला जातो.

हाडवैद्य_नगर:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र मी क्रम थोडा बदलेन. गुडघा हा सुई घालण्यास सोपा सांधा आहे. पाणी काढून पेशींची मोजणी आणि कल्चर (पाण्यातील जंतू वाढवून पाहणे) हीच पहिली तपासणी असावी, आणि माझ्या मते ती बोन स्कॅनच्याही आधी व्हायला हवी होती. प्रति मायक्रोलिटर ३००० पेक्षा अधिक पांढऱ्या पेशी असतील तर संसर्गाच्या बाजूने कौल जातो. पाण्यानेच उत्तर दिले तर पुढचा स्कॅन लागणारही नाही. पाणी निघाले नाही किंवा निकाल अर्धवट आला, तरच त्याची खरी किंमत आहे. घाई टाळण्याचे कारण व्यावहारिक आहे. सैल सांधा बहुधा एकाच शस्त्रक्रियेत बदलता येतो, तर संसर्ग झालेला सांधा अनेकदा काढून, मध्ये प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता तुकडा ठेवून, काही आठवड्यांनी नवा बसवावा लागतो. दोन्ही मार्ग इतके भिन्न असताना निदानाविना टेबलावर जाणे आईंच्या हिताचे नाही.

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. गावातील डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आई सध्या घेत आहे. तसेच एका परिचितांनी, हे सगळे सोडून सरळ पेट-सीटी करा, असे सुचवले आहे. घरात दोन वर्षांचा नातू आहे, त्याला स्कॅननंतर धोका आहे का?

हाडवैद्य_नगर:

गोळ्यांची माहिती आजच शल्यविशारदांना द्या. प्रतिजैविक चालू असताना कल्चर खोटे निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर ते साधारणपणे दोन आठवडे बंद ठेवून पाणी काढतात. मात्र गोळ्या परस्पर थांबवू नका. मधुमेह आहे, ताप आला किंवा गुडघा लाल झाला तर गणित बदलते.

गॅमा_कॅमेरा:

पेट-सीटीमध्ये वापरले जाणारे एफडीजी हे साखरेसारखे द्रव्य आहे आणि साखर खाणाऱ्या सर्व पेशी ते घेतात. कृत्रिम सांध्यातील प्लास्टिकचे झिजलेले कण गिळणाऱ्या पेशीही त्यात उजळतात, त्यामुळे गुडघ्यात संसर्ग आणि झीज यांतील फरक पुन्हा धूसरच राहतो. मणक्याच्या संसर्गात मात्र चित्र उलटे आहे. तिथे पांढऱ्या पेशींचा स्कॅन बऱ्याचदा फसतो, कारण संसर्गाची जागा उजळण्याऐवजी रिकामी दिसते. म्हणून एमआरआयनंतर पेट-सीटीलाच प्राधान्य मिळते. आपल्याकडे मणक्याचा क्षय कमी नसल्यामुळे परिचितांनी बहुधा तसाच एखादा रुग्ण पाहिला असावा.

नातवाविषयी: मात्रा कमी असते आणि द्रव्य लघवीवाटेही बाहेर पडते, तरी स्कॅनच्या दिवशी त्याला फार वेळ मांडीवर घेऊ नये, पाणी भरपूर प्यावे आणि स्वच्छतागृहातून आल्यावर हात धुवावेत. इंडियम वापरले तर काळजीचे दिवस वाढतात, तेव्हा विभागाच्या सूचना पाळाव्यात.

शेवटी एक सूचना. पेशींना समस्थानिक जोडण्यासाठी निर्जंतुक कक्ष आणि सरावलेले हात लागतात, शिवाय दोन रुग्णांच्या रक्ताची सरमिसळ होऊ नये म्हणून एका वेळी एकाचेच काम हाती घेतात. त्यामुळे टेक्नेशियम असलेल्या प्रत्येक केंद्रात हा स्कॅन होतोच असे नाही. आधी दूरध्वनी करून दिवस ठरवा, आणि जाताना शस्त्रक्रियेची तारीख, आधीचे एक्स-रे व बोन स्कॅनच्या मूळ प्रतिमांची सीडी सोबत न्या. नुसता अहवाल पुरत नाही.