वजन घटवण्याचे इंजेक्शन हृदयासाठी घ्यावे का?

फोंडेकर (प्रश्न)
माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांना स्टेंट बसवला. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९४ किलो. मधुमेह नाही, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे. गेल्या खेपेस डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुचवले आणि ते मुख्यतः पुढचा झटका टळावा म्हणून आहे, असे सांगितले. बाबांच्या मनात मात्र अढी आहे, कारण त्यांच्या मित्राने पूर्वी वजनासाठी घेतलेल्या गोळ्यांवर पुढे हृदयाच्याच कारणावरून बंदी आली. हे औषध खरोखर वेगळे आहे का?

औषधवाला, म्हापसा
आपल्या वडिलांची शंका रास्त आहे. त्या गोळ्या बहुधा सिब्युट्रामिनच्या असाव्यात. ते औषध रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढवत असे, हृदयरोग असलेल्यांमध्ये त्याने झटक्याचा धोका वाढल्याचे आढळले आणि भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. सेमाग्लुटाइडचे काम निराळे आहे. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे वागून ते भूक कमी करते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत १७,६०४ रुग्ण होते. सर्वांचे वय ४५ वा अधिक, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २७ वा अधिक, हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार आधीच झालेला आणि मधुमेह नसलेला, म्हणजे जवळजवळ आपल्या वडिलांचेच वर्णन (त्यांचा बीएमआय ३३ च्या वर जातो). सरासरी सुमारे ४० महिन्यांत हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडलेल्यांचे प्रमाण औषध नसलेले, दिसायला तसेच इंजेक्शन घेणाऱ्यांत ८ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ६.५ टक्के होते. ‘धोका २० टक्क्यांनी घटला’ असे जे छापून येते ते हेच, कारण दीड हा आठाचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. प्रत्यक्षात शंभरांमागे दीड माणूस यांपैकी काही घडण्यापासून वाचला. हा आकडा मला लहान वाटत नाही, पण जाहिरातीतला २० मनात धरून निर्णय घेऊ नये.

डिचोलीची सून
माझ्या सासूबाई गेले आठ महिने हे इंजेक्शन घेत आहेत, म्हणून आकड्यांपलीकडचे थोडे लिहिते. मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी वाढवतात आणि प्रत्येक वाढीनंतर काही दिवस मळमळ होते. चतुर्थीच्या दिवसांत नेवऱ्या आणि तळलेले पदार्थ पोटात राहिनात, तेव्हा पेज आणि थोडे थोडे जेवण यांवरच निभावले. वजन उतरताना स्नायूही झिजतात, हे आम्हाला उशिरा कळले. आता ताटात भात कमी आणि मासळी, डाळ जास्त असते. अजून एक, न वापरलेले पेन फ्रिजमध्येच ठेवावे लागते आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते, त्याची सोय आधी पाहावी.

फोंडेकर
दोघांचेही आभार. वजन उतरल्यावर इंजेक्शन थांबवता येईल का? खर्च दरमहा आहे, म्हणून विचारतो.

औषधवाला, म्हापसा
थांबवल्यावर भूक परतते; एका अभ्यासात वर्षभरात घटलेल्या वजनाचे दोन-तृतीयांश परत आले. शिवाय हृदयाला झालेला फायदा केवळ उतरलेल्या किलोंचा नसावा, कारण सिलेक्टमध्ये पुरेसे वजन घटण्याआधीच दोन्ही गटांत फरक दिसू लागला होता. त्यामुळे हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळचे समजून खर्चाचा हिशेब मांडावा. मार्च २०२६ मध्ये भारतातले पेटंट संपल्यामुळे इतर कंपन्यांच्या किमतीही विचारून पाहाव्यात. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र याच्या भरवशावर बंद करू नये. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताचे खडे असतील किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर पहिल्या इंजेक्शनाआधीच डॉक्टरांना सांगावे.