मॅक्रो रोजच्या फाइलऐवजी वेगळ्या वर्कबुकमध्ये कसा ठेवावा?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर)
नमस्कार. मी मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानात हिशेब पाहतो. प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची एक्सेल फाइल स्वतंत्र असते. तीत शेतकऱ्याचे नाव, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन आणि दर भरला की हमाली-तोलाई वजा करून पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाची, रक्कम काढायची असते. हे काम मी मॅक्रो (एका आज्ञेत पुन्हा चालवता येणारी कृतींची नोंद) रेकॉर्ड करून सोपे केले आहे, परंतु तो मॅक्रो चालवण्यासाठी ज्या फाइलमध्ये तो नोंदवला ती जुनी फाइलही रोज उघडावी लागते. शिवाय आज ११२ ओळी असूनही मॅक्रो ८० व्या ओळीपाशीच थांबतो. उपाय सुचवावा.

उत्तर १
मॅक्रो रेकॉर्ड करताना येणाऱ्या चौकटीत ‘स्टोअर मॅक्रो इन’ येथे ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ निवडावे. त्यातून ‘पर्सनल.एक्सएलएसबी’ ही फाइल एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये तयार होते आणि एक्सेल सुरू होताच ती दरवेळी आपोआप, पण लपलेल्या अवस्थेत उघडते. एक्सेल बंद करताना या वर्कबुकमधील बदल सेव्ह करायचे का, असे विचारले जाते. तिथे घाईत नकार दिला तर नवा मॅक्रो जातो. एकदा ही फाइल तयार झाली की तुमचा जुना मॅक्रो पुन्हा नोंदवण्याचे कारण नाही: ऑल्ट-एफ११ दाबून कोडची खिडकी उघडावी आणि डावीकडच्या यादीत त्याचे मॉड्यूल (कोड असलेले पान) पर्सनलच्या नावावर ओढले की त्याची प्रत तिथे जाते.

उत्तर २
जागा बदलल्याने ओळींची अडचण मात्र सुटणार नाही. तुम्ही पट्टीचे सूत्र कप्प्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर डबल-क्लिक करून खाली भरले असावे. रेकॉर्डर ती कृती ‘ई२ ते ई८०’ अशा पक्क्या पत्त्यानेच लिहून ठेवतो. मॉड्यूलमधील त्या ओळीत ८० च्या जागी नावांच्या स्तंभातील शेवटची भरलेली ओळ शोधणारा कोड घालावा, आणि तो शोध शीटच्या तळापासून वर घ्यावा, म्हणजे मध्ये एखादा कप्पा रिकामा असला तरी चूक होत नाही. शीटला तारखेचे नाव देत असाल तर रेकॉर्ड करताना शीटच्या टॅबवर क्लिक करू नये, कारण ते नावही कोडमध्ये उतरते आणि दुसऱ्या दिवशी मॅक्रो अडतो. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही, म्हणून पट्ट्यांच्या कामात आधी फाइल सेव्ह करणे मी अत्यावश्यक मानतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. दुकानातील दुसऱ्या संगणकावरही हाच मॅक्रो हवा असल्यास पर्सनलची फाइल तिथे ठेवावी का?

उत्तर १
तसे करू नये. तिथल्या व्यक्तीची स्वतःची पर्सनल फाइल असल्यास ती पुसली जाईल. हा एकच मॅक्रो नव्या वर्कबुकमध्ये घेऊन ते ‘एक्सएलएएम’ म्हणजे ॲड-इन (एक्सेलला जोडता येणारी पूरक फाइल) म्हणून सेव्ह करावे आणि त्या संगणकावर ॲड-इनच्या यादीत जोडावे.