नोकरी गेल्यानंतर थकलेली बिले : कोणते पैसे आधी भरावेत आणि मदत कोठे मिळेल?

प्रश्न (गृहिणी, नाशिक)

माझे पती अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत सहा वर्षे काम करीत होते. मागील महिन्यात ठेकेदाराने त्यांना कामावर येऊ नका असे तोंडी सांगितले, आणि आता राजीनाम्याच्या कागदावर सही केल्यास शेवटचा पगार देऊ असे तो म्हणतो. महावितरणची दोन बिले थकली आहेत, सहावीतील मुलीच्या शाळेने शुल्कासाठी तगादा लावला आहे आणि सासूबाईंची मधुमेहाची औषधे दरमहा आणावीच लागतात. आमचे रेशनकार्ड केशरी आहे, पण धान्य मिळत नाही. मोबाईलवरील एका अ‍ॅपवरून तातडीचे कर्ज घ्यावे असे पतींना वाटते, मला मात्र त्याची भीती वाटते. सर्वांत आधी काय करावे?

उत्तर १

ताई, कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण तुमच्या हक्काचे पैसे अजून ठेकेदाराकडे आणि भविष्य निर्वाह निधीत अडकलेले आहेत. पहिली गोष्ट म्हणजे ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे’ अशा मजकुरावर पतींनी सही करू नये. केलेल्या कामाचा पगार हा सहीच्या बदल्यात मिळणारा उपकार नव्हे; तो अडवून धरला तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. एकाच ठेकेदाराकडे सलग पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर दर वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे ग्रॅच्युइटीही (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) मिळते, आणि ठेकेदार मंडळी नेमका हाच विषय टाळतात.

पगारातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला जात असेल तर यूएएन या पीएफ खात्याच्या क्रमांकाने ऑनलाइन अर्ज करून, बेरोजगारीच्या कारणास्तव ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. मात्र आधार, बँक खाते आणि नाव यांत एका अक्षराचाही फरक असल्यास अर्ज परत येतो, म्हणून ते आजच तपासून घ्या.

ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात होत असल्यास ईएसआयच्या शाखा कार्यालयात ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’ची चौकशी अवश्य करा. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी दैनिक वेतनाच्या निम्म्या दराने, आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंत साहाय्य देण्याची ही योजना आहे. तिला मुदतवाढ मिळत आलेली आहे, त्यामुळे सध्याच्या अटी त्याच कार्यालयातून समजून घ्याव्यात. वर्गणी नियमित भरलेली असेल तर उपचाराचा हक्क नोकरी सुटताक्षणी संपत नाही, आणि अवलंबून असलेल्या आईचे नाव कार्डावर असल्यास सासूबाईंची औषधे ईएसआयच्या दवाखान्यातून मिळू शकतात.

उत्तर २

विजेबाबत लिहितो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीजपुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोपर्यंत वाट पाहू नका. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन हप्ते बांधून देण्याचा अर्ज द्या, त्यात नोकरी गेल्याचा उल्लेख करा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतू नका. थोडी रक्कम सोबत नेली तर अर्जाला वजन येते. वीज एकदा तोडली गेली की पुनर्जोडणीचे शुल्कही भरावे लागते, म्हणून हाताशी जे पैसे असतील त्यांतून शाळेआधी विजेचा हप्ता भरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळेला शुल्क टप्प्याटप्प्याने भरण्याची लेखी विनंती करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलीला शाळेतून काढून टाकता येत नाही. महापालिकेच्या शाळेत नेण्याची वेळ आलीच, तर जुन्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला एवढ्या कारणावरून तिला प्रवेश नाकारता येत नाही.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. पीएफ आणि ईएसआय दोन्ही कापले जात होते. रेशनचे धान्य सुरू होण्यासाठी काही करता येईल का?

उत्तर ३

प्रयत्न करा, पण या महिन्याचा स्वयंपाक त्यावर अवलंबून ठेवू नका. शिधावाटपात ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून नोंद असलेल्या कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. मात्र शहरी भागात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे आणि इष्टांक (लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) शिल्लक असावा लागतो. त्यातही उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा असतो, त्यामुळे नुकतीच गेलेली नोकरी त्यात दिसतच नाही. अडचणीत आलेल्या कुटुंबाला सर्वाधिक गरज असते तेव्हाच ही व्यवस्था त्याला ओळखत नाही, आणि हे बदलायला हवे असे मला तीव्रतेने वाटते. तरीही धान्य वितरण कार्यालयात अर्ज देऊन ठेवा, कारण इष्टांक रिकामा होताच जुन्या अर्जांचा विचार होऊ शकतो.

पीएफ हाती येईपर्यंत उसने घ्यावेच लागले तर बचत गटाचे अंतर्गत कर्ज किंवा बँकेतील सोनेतारण पाहावे. अ‍ॅपवाल्यांना मोबाईलमधील संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी दिली, की वसुलीसाठी नातेवाइकांना फोन जाऊ लागतात. विनापरवाना सावकारानेही गाठले तर २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. ईएसआयच्या कार्यालयात जाताना आधार, बँक पासबुक आणि विमा क्रमांक असलेले कार्ड सोबत ठेवा.