प्रतिसाद: चित्र बदलले तरी बाटली ओळखू येते

दरवर्षी वाइनच्या लेबलवरील चित्र बदलल्यास ग्राहक बाटली ओळखणार कशी, या शंकेला फ्रान्समधल्या बोर्दोच्या शातो मूताँ रोथशिल्ड या वाइन-उत्पादकाचे उदाहरण चांगले उत्तर देते. तिथे १९२४ साली जाँ कार्ल्यू या पोस्टर-चित्रकाराकडून लेबल करून घेतले होते. पुढे १९४५ पासून दरवर्षी नव्या चित्रकाराचे चित्र घेण्याची प्रथा रुळली. मात्र चित्राला लेबलचा वरचा भागच दिला जातो आणि खालच्या मजकुराची मांडणी साधारण तशीच राहते, त्यामुळे १९७३ चे पिकासो आणि २००९ चे, मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे चित्र एकमेकांपासून कितीही दूर असले तरी दोन्ही बाटल्या एकाच घराण्याच्या वाटतात. १९९३ च्या लेबलवरील चित्रकार बाल्थुस यांच्या रेखाचित्रावर अमेरिकेत आक्षेप आला, तेव्हा तिथल्या लेबलवर चित्राची जागा चक्क कोरी ठेवली गेली. (संग्राहकांना अर्थातच चित्राची आणि कोरी, अशा दोन्ही बाटल्या हव्या असतात.) म्हणून माझ्या मते चित्रकाराला बोलावण्यापूर्वी अक्षरे, समास आणि चित्राची चौकट ठरवून टाकावी, बाटलीच्या गोलाईमुळे समोरून लेबलच्या कडा दिसत नाहीत, हेही त्याला आधीच सांगावे.