भिंतीवरची मूल्यं खरी की बढतीच्या यादीतली?

हिशेबी
मुलाखतीला जाताना लोक हल्ली कंपनीच्या संकेतस्थळावरची मूल्यं पाठ करून जातात. सचोटी, आदर, ग्राहक प्रथम वगैरे. त्यात वेळ घालवू नये असं माझं मत. एखाद्या संस्थेला खरोखर कशाचं मोल वाटतं हे पाहायचं असेल, तर अलीकडे तिथे कुणाला बढती मिळाली आणि कुणाच्या हातात नारळ दिला, एवढं विचारावं.

हिशेबातल्या लबाडीने बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या मूल्यांच्या यादीत सचोटी होती, हे सगळेच सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. अधिकाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी कंपनीशीच व्यवहार करू नयेत, असं त्यांच्या लेखी आचारसंहितेत होतं. १९९९ मध्ये वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टाव यांना स्वतः चालवत असलेल्या भागीदारीमार्फत एन्रॉनशी व्यवहार करायचे होते. संचालक मंडळाने तो नियम त्यांच्यापुरता बाजूला ठेवला. चोरून नाही, रीतसर मंजुरी देऊन! डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

म्हणून म्हणतो, कंपनीच्या मूल्यांवर विसंबू नका. काय करणार नाही याची स्वतःची रेघ आधीच आखून नोकरीत शिरा. विरोधी मतं येऊ द्या.

जुनाजाणता
घ्या विरोधी मत. कागदावरची मूल्यं अडीअडचणीला कामी येतात, एरवी नाही. जॉन्सन अँड जॉन्सनचं ध्येयपत्र १९४३ चं. पहिली जबाबदारी डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि मातांप्रती, भागधारक सर्वांत शेवटी, असा क्रमच त्यात लावून दिलेला आहे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात त्यांच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलांमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि ७ माणसं गेली. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, १० कोटी डॉलरच्या आसपास फटका सोसला. अशा वेळी बैठकीत दहा जण दहा दिशांना ओढत असतात. क्रम आधीच लिहिलेला असला की निदान कशावरून भांडायचं ते तरी ठरतं.

तुमची ती स्वतःची रेघ अशा बैठकीत कोण विचारतो?

हिशेबी
त्याच कंपनीवर पुढे बेबी पावडरमुळे कर्करोग झाला म्हणून हजारो खटले झाले. पावडर सुरक्षित आहे असंच ती म्हणत राहिली आणि २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात टाल्कची पावडर विकणं थांबवलं, तेही मागणी घटल्याचं कारण देऊन. ध्येयपत्र तेच होतं की!

जुनाजाणता
मग? कागद तोच आणि वागणं वेगळं, म्हणजे दोष माणसांचा. आणि वागणं वेगळं आहे हे तुम्ही कशाच्या आधारे म्हणताय? त्या कागदाच्याच ना!

रात्रपाळी
दोघेही एक गोष्ट गृहीत धरताय, की व्यक्तीची मूल्यं चांगली आणि गोची काय ती संस्थेत. माझा अनुभव उलटा आहे. एका जुन्या नोकरीत आमच्या साहेबांची वैयक्तिक मूल्यं फार पक्की होती. बाईने रात्रीच्या पाळीला येऊ नये, लहान मूल असलेल्या बाईवर मोठी जबाबदारी टाकू नये. मनाने वाईट नव्हते, उलट आमची काळजी घेतोय असंच त्यांना वाटायचं. त्यामुळे भांडायचीही पंचाईत. रात्रपाळीचा भत्ता आणि तिथून मिळणारी बढती मात्र पुरुषांनाच.

माझ्या मदतीला आला तो कंपनीचा रुक्ष नियम: पाळ्या ज्येष्ठतेनुसार लावाव्यात. त्यात ना आदर होता ना सचोटी. साहेबांचं मन बदललं नाही, पण पाळीचा तक्ता बदलला. तेव्हा "स्वतःची मूल्यं घेऊन कामावर या" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कुणाची?

तिरकस
आमच्याकडे 'पारदर्शकता' हे मूल्य ठरवायची बैठक बंद दाराआड झाली. चालू द्या.

नटबोल्ट
रात्रपाळी यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण व्यक्ती आणि संस्था यांच्याशिवाय एक तिसरी बाजू राहतेय: पेशाची मूल्यं. अभियंता, डॉक्टर, लेखापाल यांचे आपापले दंडक असतात. ते घरच्या संस्कारातून येत नाहीत आणि मालकाच्या मर्जीवरही चालत नाहीत.

नासाच्या चॅलेंजर अंतराळयानाचं घ्या. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री नासा आणि यानाचे बूस्टर (वर ढकलणारी रॉकेटं) बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीत दूरध्वनीवर बैठक झाली. बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग थंडीत कडक पडतात, तेव्हा सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको, असं थायोकोलच्या अभियंत्यांनी आकडे मांडून सांगितलं. नासाकडून दबाव आला तशी थायोकोलच्या वरिष्ठांनी आपसात चर्चेसाठी वेळ मागून घेतली. अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगण्यात आलं, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने घातली. दुसऱ्या दिवशी यान उडालं, फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

प्रक्षेपणस्थळी थायोकोलचे अधिकारी होते ॲलन मॅकडोनल्ड. त्यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला, तेव्हा ती वरिष्ठांनी करून पाठवली. पुढे चौकशी आयोगापुढे खरं बोलल्यावर कंपनीने त्यांना पदावरून खाली खेचलं. संसदेतून दट्ट्या आल्यावर मात्र त्याच सांध्याच्या फेररचनेचं काम त्यांच्याकडे सोपवावं लागलं.

ते "मला हे पटत नाही" एवढंच म्हणाले नव्हते, इतक्या तापमानाच्या खाली या भागाची चाचणीच झालेली नाही असं म्हणाले होते. पहिल्या वाक्यावर वरिष्ठ "तुझं मत कळलं" म्हणून पुढे जातो. दुसरं वाक्य त्याला खोडून दाखवावं लागतं, नाहीतर त्याकडे काणाडोळा केल्याची नोंद राहते.

गल्लासांभाळ
नटबोल्ट, मॅकडोनल्ड यांच्यामागे संसद उभी राहिली. काउंटरवर बसणाऱ्याच्या मागे कोण?

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दर ग्राहकामागे आठ खाती-योजना विकायचं उद्दिष्ट होतं. लोकांनी ग्राहकांना न सांगता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून काढलेले होते. त्यांतले बहुतेक खालच्या पायरीवरचे. त्याही बँकेकडे छापील मूल्यं होती आणि तक्रारीसाठी वेगळी दूरध्वनी सेवाही होती. आम्ही तक्रार केली म्हणूनच आमची नोकरी गेली, असं काही जणांनी नंतर सांगितलं. २०१७ मध्ये अमेरिकी कामगार खात्याने अशाच एका व्यवस्थापकाला परत कामावर घेण्याचा आदेश बँकेला दिला. त्याची नोकरी गेली होती २०१० मध्ये. मधली वर्षं त्याने काय खाल्लं असेल?

मीही विक्रीच्या उद्दिष्टाखाली काम केलंय. सकाळच्या बैठकीत आकडे विचारतात, मूल्यं विचारत नाहीत. हिशेबींची रेघ ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही त्याने आखावी.

हिशेबी
गल्लासांभाळ, उलट कर्ज असलेल्यानेच ती आधी आखावी म्हणतो मी. ऐन वेळी रेघ ओढायला गेलं की ती दर महिन्याला थोडी पुढे सरकते. आज कोरी तारीख, उद्या दुसऱ्याची सही. पहिलं काम क्षुल्लक असतं म्हणूनच ते सांगितलं जातं.

जुनाजाणता
आणि एकट्याने कशाला आखावी? २०१८ मध्ये गूगलच्या ३,००० हून जास्त कर्मचाऱ्यांनी ड्रोनच्या चित्रांचं विश्लेषण करणाऱ्या 'मेव्हन' या लष्करी प्रकल्पाविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. कंपनीने करार पुढे वाढवला नाही आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणार नाही असं लिहूनही दिलं. सगळ्यांना एकदम काढता येत नाही.

तिरकस
फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वाक्य कंपनीने काढून टाकलं, हेही लिहा.

जुनाजाणता
लिहितो. पण काढलेलं दिसलं, बातमी झाली, कारण आधी लिहिलेलं होतं.

गल्लासांभाळ
गूगलच्या अभियंत्याला दुसरीकडे नोकरी मिळते हो, म्हणून त्याच्या सहीला वजन. आमच्या शाखेत पत्र लिहिलं असतं तर सह्या करणाऱ्यांची यादी दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर गेली असती. कुणी नेली असती तेही मला माहीत आहे, आणि तिचा रागही येत नाही. तिला बढती हवी होती.

रात्रपाळी
आणि बढती मिळाली का तिला?

गल्लासांभाळ
मिळाली ना. आता नव्या मुलांना मूल्यांचं प्रशिक्षण तीच देते.