स्प्रिंग बूट नव्या आवृत्तीवर नेलं आणि बिलावर २९ चं २७ झालं, क्लाउडवरचं कॉन्फिग येतच नाही

उद्यमबाग_शिफ्ट२
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं बिलिंग बघतो. वेब ॲप जावातलं, स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर. सेटिंग्ज क्लाउडवरच्या कॉन्फिग सर्व्हरवर, ॲप उठताना तिथून घेतं; त्याच्यामागं गिट, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या ठेवणारं. मोबाईलवर देवनागरी कीबोर्ड आहे, त्यामुळं प्रॉपर्टींची नावं बोलतो तशीच लिहिणार, सांभाळून घ्या.

शनिवारी बूट २.३ वरून २.७ वर नेलं. उठेचना. एरर सांगत होती की स्प्रिंग.कॉन्फिग.इम्पोर्ट दिलेलं नाही, त्यात ‘कॉन्फिगसर्व्हर:’ घाला. कॉन्फिग नसलं तरी चालत असेल तर पुढं ‘ऑप्शनल:’ लावा. मी दुसरं उचललं. उठलं की! लॉगिनचं पान आलं, मी चहाला गेलो.

सोमवारी कोल्हापूरच्या पार्टीचं पंप केसिंगचं बिल. गाडी भरून गेटवर, ड्रायव्हर काचेवर टकटक करतोय, आणि ई-इनव्हॉइस परत आलं: राज्याबाहेरच्या मालावर सीजीएसटी-एसजीएसटी चालत नाही, आयजीएसटी लावा. बघतो तर आमचं स्वतःचं राज्य २७! आम्ही कर्नाटकात, आमचा जीएसटीचा राज्य कोड २९. हा प्रोग्राम मूळ कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकासाठी लिहिलेला, त्यांचं महाराष्ट्राचं २७ जारमधल्या (ॲपची बांधलेली फाइल) ॲप्लिकेशन.यामल या सेटिंग्जच्या फाइलीत तसंच राहून गेलंय. कॉन्फिग सर्व्हरवर २९ च आहे, ब्राउझरमधून उघडून बघितलं. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या जारनं एका शनिवारात निकाल लावला.

ते बिल हातानं केलं. पण सर्व्हरवरचं २९ ॲपपर्यंत का येत नाही?

टिळकवाडी_तिसरं_गेट
निकालाचं हसू आलं. लॉगमध्ये अगदी वर ‘फेचिंग कॉन्फिग फ्रॉम सर्व्हर ॲट’ अशी ओळ असेल. तिच्यापुढं पत्ता काय आहे?

उद्यमबाग_शिफ्ट२
लोकलहोस्ट ८८८८. पण आमचा सर्व्हर मुंबईत आहे, बूटस्ट्रॅप.यामलमध्ये, ॲप सगळ्यात आधी वाचतं त्या फाइलीत, पूर्ण पत्ता लिहिलाय!

टिळकवाडी_तिसरं_गेट
ती फाइल आता कोणी वाचतच नाही. बूट २.४ आलं नोव्हेंबर २०२० मध्ये, तेव्हापासून कॉन्फिग आणायची रीत बदलली. बूटस्ट्रॅप स्टार्टर (तयार लायब्ररींचा गठ्ठा) मुद्दाम पॉममध्ये, म्हणजे ॲपच्या लायब्ररींच्या यादीत, घातलं तरच ती फाइल वाचली जाते. तुमच्या इम्पोर्टमध्ये पत्ता नाही, म्हणून क्लायंटनं, म्हणजे ॲपमधल्या कॉन्फिग मागणाऱ्या भागानं, आपला ठरलेला पत्ता धरला, म्हणजे तुमच्याच मशीनवरचं ८८८८. तिथं कोणी नाही. आणि कोणी नसलं तरी चालेल, असं तुम्हीच ऑप्शनल लावून सांगितलंय. तो गप्प पुढं गेला, जारमधलं २७ घेतलं.

जुनं स्टार्टर आणून बूटस्ट्रॅप जिवंत करता येतं, पण मी करणार नाही. ॲप्लिकेशन.यामलमध्येच ‘कॉन्फिगसर्व्हर:’ आणि त्याला लागून पूर्ण पत्ता लिहा. ऑप्शनल काढा.

निपाणी_वखार
ऑप्शनल काढा म्हणणं सोपं आहे हो. आमच्या तंबाखूच्या वखारीत लाइट येते तेव्हा मशीन आधी उठतं, राउटरला नेट मिळायला वर दोन मिनिटं लागतात. ऑप्शनल नसलं की ॲप त्या दोन मिनिटांत पडतं, आणि सकाळी सहाला मला फोन.

त्यावर रिट्राय आहे, म्हणजे थांबून थांबून परत मागणं. पॉममध्ये स्प्रिंग-रिट्राय आणि एओपी स्टार्टर, आणि फेल-फास्ट (कॉन्फिग मिळालं नाही तर पडायचं) ट्रू. ते ट्रू नसलं तर रिट्राय होतच नाही, यात माझा एक अख्खा रविवार गेला. डिफॉल्टवर विसंबू नका: सहा प्रयत्न, पहिली थांबण्याची वेळ एक सेकंद, मग दर खेपेला १.१ पट. बेरीज करा, सहा सेकंदांत खेळ खलास. मी प्रयत्न ४० ठेवलेत आणि एका खेपेचं जास्तीत जास्त थांबणं ५ सेकंद. नुसत्या थांबण्याचीच अडीच मिनिटं होतात. तेवढ्यात राउटर येतो.

टिळकवाडी_तिसरं_गेट
हे बरोबर, मी घाईत लिहिलं. पण उद्यमबागवाले अण्णा, ते २७ जारमधून पुसा, तिथं २९ सुद्धा लिहू नका. राज्याच्या कोडाला डिफॉल्ट कशाला? सेटिंग्ज ज्यात येतात त्या कॉन्फिगरेशन-प्रॉपर्टीजच्या क्लासला व्हॅलिडेटेड आणि त्या फील्डला नॉट-ब्लँक लावा, व्हॅलिडेशन स्टार्टर पॉममध्ये पाहिजे. कोड आला नाही तर ॲप उठणारच नाही. चुकीचं बिल छापण्यापेक्षा बंद पडलेलं ॲप परवडलं.

निपाणी_वखार
तुम्हाला परवडतं. गेटवर ड्रायव्हर तुमच्या काचेवर टकटक करत नाही.

उद्यमबाग_शिफ्ट२
मंगळवारी रात्री सगळं केलं. पत्ता दिला, ऑप्शनल काढलं, २७ पुसलं. ॲप उठेना, राज्य कोड रिकामा! पत्ता आता मुंबईचा दिसतोय, तरी रिकामा. अर्धा तास गिट उलटंपालटं केलं. शेवटी कळलं, ॲपचं नावसुद्धा त्या मेलेल्या बूटस्ट्रॅपमध्येच होतं. नाव नसलं की क्लायंट सर्व्हरकडं ‘ॲप्लिकेशन’ याच नावानं मागतो, मग सगळ्यांची सामाईक फाइल तेवढी येते, बिलिंगची येत नाही. नाव इकडं आणलं, २९ आलं. ॲक्च्युएटरचं, म्हणजे ॲपची आतली स्थिती दाखवणाऱ्या भागाचं, एन्व्ह पान उघडून खात्री केली, कुठली व्हॅल्यू कुठल्या सोर्समधून आली ते तिथं दिसतं. राज्य कोडापुढं कॉन्फिग सर्व्हरचं नाव होतं.

टिळकवाडीवाले, २७ पुसलं नसतं तर हे मला पुढच्या सोमवारी गेटवरच कळलं असतं, ते मान्य. निपाणीकर, ४० आणि ५ जसेच्या तसे उचललेत. राउटरची वायर काढून बघितलं, सतराव्या प्रयत्नाला मीच घाबरून परत लावली.

आज तोच ड्रायव्हर हुबळीचा माल घेऊन गेला. बिल पहिल्या खेपेला निघालं तर म्हणतो, आज मशीनला बरं वाटतंय काय.